रब्बी मोझेस मायमोनिडीस: चमत्कारांमागचा अर्थ शोधणारे श्रद्धावंत

पास्का जागरणविधीच्या रात्री जुन्या करारातील जी वाचने होतात, त्यांपैकी एक वाचन कधीही वगळता येत नाही. मोशेच्या नेतृत्वाखाली इस्राएल लोकांनी समुद्र ओलांडला, त्या प्रसंगाचे निर्गम पुस्तकातील वाचन ते हेच. आपण ते वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. परंतु विधी आटोपून घरी परतल्यावर महाविद्यालयात शिकणारा मुलगा किंवा मुलगी आईवडिलांना विचारते, की समुद्र खरोखरच दुभंगला होता का? तो वाऱ्याचा परिणाम तर नव्हता? आणि तसे असेल, तर त्यात देवाचे काय राहिले?

अशा वेळी काही घरांत मुलांना गप्प बसवले जाते आणि काही मुले प्रश्नासकट श्रद्धाही सोडून देतात. दोन्ही गोष्टी दुःखद आहेत. कारण हा प्रश्न नवा नाही, तो श्रद्धेच्या विरोधातलाही नाही. सुमारे आठशे वर्षांपूर्वी एका थोर यहुदी धर्मपंडिताने तो स्वतःच्या लोकांसमोर मांडला आणि आयुष्यभर त्याचा विचार केला. त्यांचे नाव रब्बी मोशे बेन मैमोन. यहुदी लोक त्यांना आदराने रामबाम म्हणतात, तर युरोपीय जग त्यांना मोझेस मायमोनिडीस या नावाने ओळखते. संत थॉमस अक्वायनस यांच्यासारख्या महान धर्माचार्यांनी ज्यांचे ग्रंथ आदराने वाचले, त्या या यहुदी रब्बींचे जीवन आपणा कॅथलिक भाविकांनाही बरेच काही शिकवून जाते.

परागंदा कुटुंब

मायमोनिडीस यांचा जन्म स्पेनमधील कॉर्दोबा नगरीत झाला. जुन्या परंपरेनुसार जन्मवर्ष ११३५ मानले जाते, परंतु त्यांच्याच एका ग्रंथातील नोंदीवरून आजचे बहुतेक अभ्यासक ते ११३८ असल्याचे मानतात. ओलांडण सणाच्या, म्हणजेच पास्काच्या पूर्वसंध्येला त्यांचा जन्म झाला असे परंपरा सांगते. त्यांचे वडील मैमोन हे धर्मशास्त्राचे जाणकार व यहुदी समाजाचे न्यायाधीश होते. घरातच मुलाला पवित्र शास्त्र, गणित, खगोलशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांचे शिक्षण मिळाले. त्या काळी कॉर्दोबात यहुदी, मुस्लिम आणि ख्रिस्ती विद्वत्तेची परंपरा नांदत होती.

हे सुख फार काळ टिकले नाही. ११४८ मध्ये उत्तर आफ्रिकेतून आलेल्या अलमोहाद राज्यकर्त्यांनी कॉर्दोबा जिंकले आणि यहुदी व ख्रिस्ती लोकांपुढे धर्मांतर किंवा देशत्याग असे पर्याय ठेवले. मैमोन यांचे कुटुंब घर सोडून निघाले. कित्येक वर्षे भटकंतीत गेली. ११६० च्या सुमारास ते मोरोक्कोतील फेझ शहरी पोहोचले, पण तेथेही सत्ता त्याच राज्यकर्त्यांची होती. अखेर ११६५ मध्ये कुटुंबाने जहाजाने पवित्र भूमीची वाट धरली. या प्रवासात भर समुद्रात भयंकर वादळ झाले आणि सर्वजण मरता मरता वाचले. त्या दिवसाच्या स्मरणार्थ मायमोनिडीस पुढे दरवर्षी उपवास व प्रार्थना करीत, असे सांगितले जाते. आक्को बंदर, जेरुसलेम आणि हेब्रोन येथील भेटींनंतर कुटुंब इजिप्तला गेले आणि कैरोलगतच्या फुस्तात नगरीत स्थिरावले. मोशेने ज्या देशातून आपल्या लोकांना बाहेर काढले, त्याच देशात त्याच्या नावाचा हा वंशज आश्रयाला आला.

समुद्राने हिरावलेला भाऊ

फुस्तातमध्ये घराचा भार धाकटा भाऊ दाविद याने उचलला. तो रत्नांचा व्यापार करी, आणि त्याच्या कमाईवर मोठ्या भावाचे अध्ययन व लेखन चाले. तीस वर्षांचे होईपर्यंत, ११६८ मध्ये, मायमोनिडीस यांनी मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या संहितेवरील भाष्य पूर्ण केले.

दाविदने त्यांना लिहिलेले एक पत्र कैरोतील जुन्या सिनगॉगच्या कागदपत्रांत सापडले आहे. वाळवंट पार करून तो तांबड्या समुद्राच्या आफ्रिकी किनाऱ्यावरील ऐधाब बंदरात पोहोचला होता. तेथे निळीखेरीज घेण्याजोगा माल मिळाला नाही, म्हणून आपण हिंदुस्थानाकडे जाणाऱ्या जहाजात बसण्याचे ठरवले आहे, असे तो भावाला कळवतो. इस्राएल लोकांना वाट देणारा समुद्र म्हणून परंपरा ज्याच्याकडे बोट दाखवते, त्याच तांबड्या समुद्रातून दाविद हिंदुस्थानाच्या वाटेला लागला.

पुढे हिंदी महासागरात दाविदचे जहाज बुडाले. त्याच्यासोबत कुटुंबाचे आणि इतरांचेही धन गेले. मागे राहिली तरुण विधवा आणि एक लहान मुलगी. ही वार्ता कळल्यावर मायमोनिडीस जवळजवळ एक वर्ष अंथरुणाला खिळून होते. पुष्कळ वर्षांनी लिहिलेल्या एका पत्रातही या दुःखाला उतार पडलेला दिसत नाही. भावाचे हस्ताक्षर दृष्टीस पडले की मन पुन्हा व्याकुळ होते, असे ते त्यात कळवतात.

चमत्कारांविषयीचे त्यांचे विचार वाचताना हा प्रसंग विसरता येत नाही. परमेश्वराने आपल्या पूर्वजांसाठी समुद्र दुभंगवला यावर त्यांची श्रद्धा होती. त्यांच्या भावासाठी मात्र समुद्र दुभंगला नाही. तरीही त्यांनी देवाचा हात सोडला नाही, आणि खोटे समाधानही करून घेतले नाही.

वैद्य आणि धर्मपंडित

कुटुंबाचे पोट भरण्यासाठी मायमोनिडीस यांनी वैद्यकी स्वीकारली. लवकरच ते सुलतान सलादिन याच्या वजिराचे आणि पुढे सुलतानाच्या थोरल्या मुलाचे वैद्य झाले. दमा, विषबाधा, आहार व आरोग्य यांवर त्यांनी अरबी भाषेत ग्रंथ लिहिले. ११९९ मधील एका पत्रात त्यांनी आपला दिनक्रम कळवला आहे. सकाळी राजवाड्यातील रुग्णांना पाहण्यासाठी कैरोला जावे, दुपारनंतर भुकेलेल्या अवस्थेत घरी परतावे, तर अंगणात यहुदी व परधर्मीय, न्यायाधीश व सामान्यजन, मित्र व शत्रू असे सर्व रुग्ण वाट पाहत बसलेले असत. दिवसातून एकदाच थोडेसे खाऊन ते रात्रीपर्यंत रुग्ण तपासत आणि शेवटी थकव्याने आडवे पडूनच औषधे सांगत.

अशा धकाधकीत त्यांनी यहुदी धर्मनियमांची चौदा भागांची 'मिश्ने तोरा' ही संहिता रचली आणि ११९० च्या सुमारास 'मोरे नेवुखीम', म्हणजे संभ्रमात पडलेल्यांसाठी मार्गदर्शन, हा आपला प्रसिद्ध ग्रंथ पूर्ण केला. धर्मही जपणाऱ्या आणि तत्त्वज्ञानही शिकलेल्या, त्यामुळे मनातून ओढाताण होणाऱ्या एका शिष्यासाठी त्यांनी तो लिहिला. पास्काच्या रात्री घरी येऊन प्रश्न विचारणाऱ्या आपल्या मुलांसाठीच जणू तो ग्रंथ आहे.

सृष्टीच्या आरंभीच पेरलेली खूण

मायमोनिडीस यांच्या मते सृष्टी ही नियमाने चालते आणि हे नियम देवाच्या बुद्धीचीच साक्ष देतात. मग चमत्कार कसे घडतात? प्राचीन यहुदी गुरूंची शिकवण अशी होती, की काही अद्भुत गोष्टींची योजना देवाने सृष्टिनिर्मितीच्या वेळीच करून ठेवली होती. हाच धागा पुढे नेऊन मायमोनिडीस यांनी मिश्नावरील भाष्यात म्हटले, की दुसऱ्या दिवशी जेव्हा जलांची विभागणी झाली, तेव्हाच मोशेच्या काळी समुद्राने आणि यहोशवाच्या काळी यार्देन नदीने दुभंगावे असे ठरले. याचा अर्थ असा, की देव आपला विचार ऐनवेळी बदलत नाही किंवा स्वतःच घातलेली घडी मोडत नाही. धान्याच्या दाण्यात जसा अंकुर दडलेला असतो, तशी ती खूण सृष्टीत आधीच दडलेली असते आणि योग्य वेळी उगवते.

काही प्रसंगांचा अर्थ त्यांनी आणखी वेगळ्या रीतीने लावला. बलामाची गाढवी बोलली, याकोबाने रात्रभर एका पुरुषाशी झुंज दिली, किंवा अब्राहामाकडे तीन पाहुणे आले, हे प्रसंग संदेष्ट्यांना झालेल्या दर्शनातले आहेत असे ते मानत. गिबोन येथे सूर्य थांबला, याचा अर्थ तेथील लोकांना तो दिवस उन्हाळ्यातील सर्वांत मोठ्या दिवसासारखा भासला, असे त्यांचे विवेचन आहे. पवित्र शास्त्राच्या भाषेत अलंकार आहेत, दृष्टान्त आहेत, स्वप्नेही आहेत. ती ओळखल्याशिवाय शास्त्र वाचणे म्हणजे त्याचा अपमान करणे होय, असे त्यांना वाटे.

भंडाऱ्यातील टोळधाड आणि इजिप्तमधील टोळधाड

११९१ मध्ये मृतांच्या पुनरुत्थानाविषयी लिहिताना मायमोनिडीस यांनी चमत्कारांचे दोन प्रकार सांगितले. पहिला प्रकार सृष्टिनियमाने न घडणाऱ्या गोष्टींचा, जसे काठीचा साप होणे. दुसरा प्रकार एरवीही घडणाऱ्या गोष्टींचा, जसे गारा, रोगराई किंवा टोळधाड. या दुसऱ्या प्रकारात खूण कशी ओळखावी? त्यांनी तीन लक्षणे दिली. संदेष्ट्याने सांगितलेल्या नेमक्या वेळी ती घडते, किंवा तिचे प्रमाण कधी न पाहिलेले असते, किंवा ती दीर्घकाळ टिकून राहते.

टोळधाड म्हणजे काय हे भंडारा जिल्ह्यातील शेतकऱ्यांना वेगळे सांगायला नको. मे २०२० च्या अखेरीस राजस्थान व मध्य प्रदेशातून विदर्भात उतरलेले टोळ नागपूर जिल्ह्यातून तुमसर परिसरापर्यंत आले होते. रात्री झाडांवर बसलेल्या टोळांवर औषधाची फवारणी करावी लागली. टोळ वाऱ्याच्या दिशेने प्रवास करतात हे कृषी विभागाने तेव्हा सर्वांना सांगितले. आश्चर्य म्हणजे निर्गमाचे पुस्तकही हेच सांगते. पूर्वेच्या वाऱ्याने टोळ आणले आणि पश्चिमेच्या जोरदार वाऱ्याने ते समुद्रात लोटले, असे तेथे स्पष्ट लिहिलेले आहे. समुद्र मागे हटला तोही रात्रभर वाहणाऱ्या पूर्वेच्या वाऱ्याने, हेही त्याच पुस्तकात आहे. म्हणजे वाऱ्याचा शोध आजच्या विज्ञानाने लावून बायबलला अडचणीत आणले, असे मुळीच नाही. बायबलने तो वारा कधी लपवलाच नव्हता.

आजच्या अभ्यासकांनी या वाटेवर बरेच काम केले आहे. २०१० मध्ये अमेरिकेतील दोन शास्त्रज्ञांनी संगणकाच्या साहाय्याने दाखवून दिले, की नाईल नदीच्या मुखाजवळील उथळ खाजणात ताशी सुमारे १०० किलोमीटर वेगाने पूर्वेचा वारा बारा तास वाहिला, तर पाणी मागे सरून काही तास वाट मोकळी होऊ शकते. यार्देन नदीच्या बाबतीत तर इतिहासातच नोंद आहे. डिसेंबर १२६७ मध्ये दामिया येथील पुलाजवळ दरड कोसळून नदीचा प्रवाह काही तास पूर्ण थांबला होता, आणि यहोशवाच्या पुस्तकात पाणी जेथे थबकले असे सांगितले आहे, ते ठिकाणही त्याच परिसरातले मानले जाते.

मान्नाचेही असेच. १९२७ मध्ये सीनाय प्रदेशात गेलेल्या कीटकशास्त्रज्ञांना आढळले, की झाऊच्या झुडपांवर राहणारे बारीक कीटक एक गोड स्राव सोडतात, तो थेंबाथेंबाने सुकतो आणि भटक्या जमाती तो गोळा करून खातात. आपल्या भंडारा-गोंदिया भागातील जंगलांत पळसावर लाख तयार करणारा किडा याच कीटकांचा जवळचा नातेवाईक आहे. पिकावर मावा पडला की पानांवर जो गोड चिकट थर येतो, तोही तशाच प्रकारचा.

परंतु येथे मायमोनिडीस आपल्याला सावधही करतात. पुढच्या काळातील लोक मान्नाची गोष्ट सहज उडवून लावतील, लोकवस्तीजवळ किंवा पिकाऊ जमिनीजवळ राहून इस्राएल लोकांनी पोट भरले असेल असे म्हणतील, हे त्यांनी आधीच ओळखले होते. त्यांच्या मते म्हणूनच मोशेच्या ग्रंथात वाळवंटातील मुक्कामांची एवढी लांबलचक यादी दिली आहे, की ती जागा माणसाने तग धरण्याजोगी नव्हती हे पुढच्या पिढ्यांना कळावे. झाऊचा गोड स्राव वर्षातील थोडे दिवस आणि थोडासाच मिळतो. एवढ्या लोकांचे चाळीस वर्षांचे अन्न त्यातून भागत नाही. नैसर्गिक कारण दाखवल्याने घटना कशी घडली असेल याची वाट थोडी उजळते, पण ती संपूर्णपणे उलगडली असे होत नाही. त्यांनी निसर्गाला नाकारले नाही आणि देवालाही निसर्गात कोंडून ठेवले नाही.

खूण कशासाठी?

'मिश्ने तोरा'मध्ये मायमोनिडीस यांनी एक धीट विधान केले आहे. मोशेने केलेल्या चमत्कारांमुळे इस्राएल लोकांनी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही, असे ते म्हणतात. कारण केवळ चमत्कार पाहून जो विश्वास ठेवतो, त्याच्या मनात शंका शिल्लक राहतेच, ही जादू तर नसेल ना, अशी. मग वाळवंटात ती अद्भुत कृत्ये का घडली? प्रत्येक कृत्य त्या त्या वेळच्या गरजेसाठी घडले. लोकांचा पाठलाग होत होता म्हणून समुद्राने वाट दिली. ते भुकेले होते म्हणून मान्ना मिळाला. तहानलेले होते म्हणून खडकातून पाणी निघाले. विश्वासाचा खरा पाया सीनाय पर्वतावर घातला गेला, जेथे देवाने त्यांना आपली आज्ञा दिली.

चमत्कारांचा टिकाऊ अर्थ येथे सापडतो. वारा थांबला, पाणी पुन्हा भरून आले, मान्ना मिळणे बंद झाले. उरले ते एवढेच, की दास्यात पडलेल्यांची हाक देव ऐकतो. मान्ना गोळा करताना कोणाला जास्त झाले नाही, कोणाला कमी पडले नाही, आणि ज्यांनी साठा केला त्यांचा मान्ना नासला. ही शिकवण कीटकाच्या स्रावाने सिद्धही होत नाही आणि खोटीही ठरत नाही. ती पाळायची असते. प्रभू येशूने आपल्याला दररोजची भाकर मागायला शिकवले आणि स्वतःला स्वर्गातून उतरलेली भाकर म्हटले, तेव्हा याच मान्नाची आठवण त्याच्या श्रोत्यांसमोर होती.

'मोरे नेवुखीम'मधील एक विचार तर प्रत्येक भाविकाने मनात जपून ठेवावा असा आहे. देव सृष्टीतील वस्तूंचा स्वभाव बदलू शकतो, परंतु चमत्काराने तो मनुष्याचा स्वभाव कधी बदलत नाही, असे मायमोनिडीस सांगतात. इस्राएल लोकांना देवाने पलिष्ट्यांच्या जवळच्या रस्त्याने नेले नाही, वाळवंटातील लांबच्या वाटेने नेले. का? कारण पिढ्यान्‌पिढ्या विटा थापणारे गुलाम एका रात्रीत शूर होत नसतात. समुद्र एका रात्रीत दुभंगला, पण माणसांची मने घडायला चाळीस वर्षे लागली. आज्ञा, शिक्षण, सवय आणि संयम यांची ही वाट देवाने मुद्दाम निवडली. व्यसनातून सुटणाऱ्या माणसाच्या घरच्यांना, रुसलेल्या भावांना एकत्र आणू पाहणाऱ्या आईला ही गोष्ट आपोआप समजेल.

मंत्र नव्हे, औषध

वैद्य असल्यामुळे मायमोनिडीस एका बाबतीत फार कठोर होते. जखमेवर शास्त्रवचन पुटपुटणे किंवा रडणाऱ्या बाळाला झोप यावी म्हणून त्याच्यावर धर्मग्रंथाची गुंडाळी ठेवणे, या गोष्टींचा त्यांनी तीव्र निषेध केला. जे वचन आत्म्याच्या आरोग्यासाठी आहे, त्याचा असे लोक शरीराच्या औषधासारखा वापर करतात, असा त्यांचा आक्षेप होता. मोशेने उभारलेल्या पितळी सर्पाची पुढे लोक पूजा करू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला, हे आपण राजांच्या दुसऱ्या पुस्तकात वाचतो. देवाने दिलेली खूणही माणसाच्या हातात मूर्तीसारखी होऊ शकते.

आपल्या कॅथलिक बायबलमधील बेन सिराच्या ग्रंथात वैद्याचा गौरव करणारा सुंदर अध्याय आहे. औषधे देवानेच जमिनीतून उत्पन्न केली आहेत आणि शहाण्याने त्यांचा तिरस्कार करू नये, असे तेथे सांगितले आहे. त्याच ठिकाणी कडू पाणी झाडाच्या लाकडाने गोड झाल्याचे स्मरण करून दिले आहे, म्हणजे माराच्या पाण्याचा प्रसंग हा वनस्पतीच्या गुणाचे उदाहरण म्हणून सांगितला आहे. गढूळ पाण्यात निवळीचे बी उगाळून पाणी स्वच्छ करणाऱ्या आपल्या आजीला यात काहीच विसंगती वाटली नसती. गुण झाडात आहे आणि झाड देवाचे आहे. म्हणून आजारी माणसासाठी आपण जपमाळ अवश्य करावी, आणि त्याला वेळेत दवाखान्यातही न्यावे. प्रार्थनेच्या नावाखाली उपचार लांबवणे ही श्रद्धा नव्हे.

वाद, विरोध आणि आदर

मायमोनिडीस यांना हयातीतच टीका सहन करावी लागली. ते पुनरुत्थान मानत नाहीत असा आरोप झाला आणि त्याला उत्तर म्हणूनच त्यांनी ११९१ चा तो प्रबंध लिहिला. १३ डिसेंबर १२०४ रोजी त्यांचे फुस्तात येथे निधन झाले. परंपरेनुसार त्यांची कबर गालील सरोवराकाठच्या तिबिर्या शहरात आहे. मृत्यूनंतर वाद अधिकच पेटला. १२३० च्या दशकात फ्रान्समध्ये त्यांची पुस्तके जाळली गेल्याचे त्या काळच्या यहुदी लेखनातून कळते, आणि या कामी ख्रिस्ती संन्यासीही सामील होते असे त्यात म्हटले आहे. ही आठवण आपल्याला नम्र करणारी आहे.

परंतु त्यानंतर काही दशकांतच एका दोमिनिकन संन्याशाने, म्हणजे संत थॉमस अक्वायनस यांनी, मायमोनिडीस यांचा ग्रंथ लॅटिन भाषांतरातून वाचला आणि आपल्या लेखनात रब्बी मोझेस म्हणून त्यांचा वारंवार उल्लेख केला. देवाविषयी आपण कोणत्या शब्दांत बोलू शकतो यावर त्यांचा रब्बींशी मतभेद होता, आणि तो त्यांनी सभ्यपणे मांडला. श्रद्धा आणि बुद्धी ही दोन्ही एकाच देवाची देणगी असल्याने ती परस्परांशी वैर करू शकत नाहीत, या बाबतीत दोघे एकत्र होते.

ख्रिस्तसभेची शिकवणही तशीच समतोल आहे. चमत्कार शक्य आहेत असे पहिल्या व्हॅटिकन परिषदेने १८७० मध्ये ठामपणे सांगितले. पवित्र शास्त्रातील निरनिराळे लेखनप्रकार समजून घेतल्याशिवाय त्याचा अर्थ लावू नये, असे पोप पायस बारावे यांनी १९४३ च्या विश्वपत्रात शिकवले, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये तीच शिकवण पुढे नेली. एखाद्या व्यक्तीला संतपद देण्यासाठी बरे झालेल्या रुग्णाचे प्रकरण पुढे आले, की आजही ख्रिस्तसभा प्रथम डॉक्टरांनाच विचारते, की यामागे काही नैसर्गिक कारण आहे का? प्रश्न विचारण्याची भीती तिला वाटत नाही.

कोकण किनाऱ्यावरील बांधव

मायमोनिडीस यांच्या एका पत्रात हिंदुस्थानातील यहुदी लोकांचा उल्लेख आहे. त्यांना शब्बाथ आणि सुंता यांखेरीज धर्मशास्त्राची माहिती नाही, असे त्यांनी फ्रान्समधील रब्बींना कळवले होते. हा उल्लेख आपल्याच कोकणातील मराठी भाषक बेने इस्राएल समाजाचा असावा, असे काही अभ्यासकांना वाटते. या समाजाची परंपरा सांगते, की फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटले आणि त्यातून केवळ सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. हिब्रू भाषा विसरली, ग्रंथ समुद्रात गेले, पण शनिवारी घाणा बंद ठेवण्याचा नेम सुटला नाही. म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले.

अलिबाग तालुक्यातील खंडाळा गावाजवळ एका खडकावरील खुणेला हा समाज एलिया संदेष्ट्याच्या रथाची खूण मानतो आणि तेथे नवस फेडतो. ती खूण खडकात कशी उमटली, हे भूगर्भशास्त्रज्ञ त्यांच्या परीने सांगू शकतील. पण पुस्तकांविना, गुरूंविना एक लहानसा समाज शतकानुशतके एका देवाशी निष्ठावंत राहिला, याचे मोल त्या उत्तराने कमी होत नाही. बुडालेल्या जहाजातून वाचलेल्यांनी नेम पाळला, आणि बुडालेल्या भावाचे दुःख उरात घेऊन मायमोनिडीस यांनी रुग्णांची सेवा केली. दोघांनीही समुद्राला वाहवत नेऊ दिले नाही.

आपल्यासाठी बोध

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला, तेव्हा भंडारा शहर आणि नदीकाठची गावे पाण्यात वेढली गेली. मुसळधार पाऊस आणि वरच्या धरणातून सोडलेले पाणी ही त्याची कारणे सर्वांना ठाऊक आहेत. वैनगंगा कोणासाठी दुभंगली नाही. बचाव पथके नावा घेऊन आली, शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना घरात घेतले, कोणी कोरडे कपडे दिले, कोणी शिजवलेला भात. वाळवंटातील चमत्कार गरजेसाठी होते, या मायमोनिडीस यांच्या शिकवणीच्या उजेडात पाहिले, तर पूरग्रस्तांच्या गरजेला धावून जाणारे हातही देवाच्या योजनेबाहेरचे राहत नाहीत.

म्हणून पुढच्या पास्का जागरणाच्या रात्री आपल्या मुलाने तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर त्याला रागावू नये. वाऱ्याविषयी त्याला जे ठाऊक आहे ते त्याच्याकडून ऐकून घ्यावे, आणि त्याच पुस्तकातील वाऱ्याचा उल्लेख त्याला वाचायला द्यावा. मग त्याला विचारावे, की त्या रात्री जे पलीकडे पोहोचले, त्यांना पुढे कसे जगायला सांगितले गेले? परक्याशी, विधवेशी, अनाथाशी कसे वागावे, हे सांगताना देव त्यांना पुन्हा पुन्हा इजिप्तच्या दास्याची आठवण का करून देतो? या प्रश्नांवर आईवडिलांनी आणि मुलांनी मिळून पवित्र शास्त्र उघडले, तर त्या थोर रब्बींचे स्मरण सार्थकी लागेल आणि आपल्या कुटुंबाची श्रद्धाही अधिक डोळस होईल.